मॅग्नमची लाथ

बंदूक उडालीच नाही. तरी माझे डोळे मिटले, खांदा मागे गेला आणि नळी वीतभर खाली आली. आवाज झाला तो एवढाच, टक्.

"बघितलंस?" आईसाहेब म्हणाल्या.

मी बंदुकीकडंच बघत राहिलो.

"सात्तापा, तुला विचारतेय. काय केलंस आत्ता?"

"चाप वढला की."

"चाप ओढलास, डोळे मिटलेस आणि बंदुकीला खाली ढकललंस. समोर गवा असता तर त्याच्या पायाखालची माती तेवढी मेली असती."

"काडतूसच फुसकं निघालं, त्याला मी काय करू?"

त्यांनी माझ्या हातातली रायफल घेऊन बोल्ट मागे ओढला. काडतूस गवतात पडलं. ते उचलून त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं.

"निघालं नाही. मी घातलं होतं. यात दारूच नाही. बेळगावच्या मिस्त्रीकडून मुद्दाम करून आणलीत अशी."

"म्हंजे फसवलासा मला."

"हो. आणि उद्याही फसवणार. बंदूक मी भरणार, तुझ्याकडं पाठ करून. खरं काडतूस असलं तर बंदूक उडेल. फुसकं असलं तर तू उडशील, आणि ते मला दिसेल."

मला इतका राग आला की ती रायफल तिथंच दगडावर आपटावीशी वाटली. माझा आजा या बाईंच्या सासऱ्याच्या शिकारीत डबे वाजवत रान हाकायचा. बाप तेच करायचा. मी जीप चालवायला शिकलो म्हणून डब्यांतनं सुटलो, आणि आता ही बाई मला माकडासारखं नाचवत होती.

"दुसरा कोणतरी बघा," मी म्हणालो.

"दुसरा कोण आहे? नाव सांग."

नाव नव्हतं. त्यांचे यजमान, जहागीरदार, वारल्यावर रायफलीचा परवाना आईसाहेबांच्या नावावर झाला आणि त्यांच्या खाली, बंदूक वापरायची मुभा असलेला माणूस म्हणून, माझं नाव लागलं. ड्रायव्हर कायम हाताशी असतो, एवढंच माझं कर्तृत्व. ती रायफल तीनशे पंचाहत्तर मॅग्नम. जहागीरदारांनी देश सोडून जाणाऱ्या कुठल्याशा गोऱ्याकडून घेतलेली. काडतूस माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब. दस्त्याला मागं रबर होतं, पण ते इतकं जुनं की विटेसारखं झालेलं.

शिकारीच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्यात. साहेबलोकांची वाट बघत जीपमध्ये दिवसदिवस बसायचं तर दुसरं करणार काय? चौथीनंतर माझी शाळा तीच. त्या सगळ्या गोष्टींत जनावर पडतं आणि माणूस त्याच्यावर पाय देऊन उभा राहतो. खांद्याचं कोणी लिहीत नाही. मॅग्नम लाथ मारते तेव्हा आधी कानात सुरुंग उडाल्यासारखं होतं, दात दातांवर आपटतात, मान मागे झटकते, आणि दुसऱ्या दिवशी सदऱ्याच्या बाहीत हात घालताना तोंडातनं शिवी येते. हे लिहायची त्यांना लाज वाटते. खोटारडे साले.

तर गवा. ती साठ-बासष्ट सालातली गोष्ट, तेव्हा शिकारीला बंदी नव्हती, परवाने मिळायचे. चंदगडच्या घाटमाथ्यावर आमचं गाव, मोरवण. दिवाळीला आईसाहेबांचे भाचे इंद्रजितराव पुण्याहून आले. येतानाच बोलत आले. आफ्रिकेत म्हणे असल्या रायफलीनं हत्ती पाडतात, गवा म्हणजे काय, मोठी म्हैस. मी त्यांना सड्यावर, गावाच्या वरच्या कातळी पठारावर, घेऊन गेलो. कळपातनं हाकललेला एक जुना नर तिथं एकटा चरायचा. इंद्रजितरावांनी रायफल लग्नात फोटोला धरतात तशी धरली. बार झाला. गवा उसळून रानात गेला आणि इंद्रजितराव खाली बसले. दस्त्यावर आडवा टाकलेला त्यांचाच अंगठा त्यांच्याच नाकावर बसला होता.

"लागली रे, नक्की लागली," ते रुमालातनं म्हणत होते.

लागली होती. पोटात. दुसऱ्या दिवशी ते नाकाला पट्टी लावून पुण्याला गेले आणि गवा आमच्याकडं राहिला.

पोटात गोळी असलेलं जनावर लवकर मरत नाही आणि कुणाला जवळ येऊ देत नाही. त्यानं आधी एक रेडकू फाडलं. मग झऱ्याच्या वाटेवर धोंडी गावडा त्याला आडवा गेला. धोंडीला आम्ही घोंगड्यातनं खाली आणला तेव्हा तो अजून बोलत होता. गावात पोचेपर्यंत बोलायचा थांबला. त्यानंतर सड्यावर कोणी जाईना. आणि त्या सड्यावर, नाचणीच्या तुकड्यात, खोपीत माझा बाप एकटा राहत होता. पीक कापल्याशिवाय खाली येणार नाही म्हणून बसलेला.

मी दोनदा आणायला गेलो. पहिल्यांदा त्यानं मला भाकरी वाढली आणि नाही म्हणाला. दुसऱ्यांदा भाकरी न वाढता नाही म्हणाला.

धोंडीच्या मातीहून आल्यावर आईसाहेबांनी मला बोलावलं. "आमच्या घरातनं लागलेली गोळी आहे," त्या म्हणाल्या, "ती आमच्याच घरातनं संपली पाहिजे. मी कचेरीतनं परवानगी आणवलीय. मारायचं तुला."

"मला? मी कधी एक बार न्हाई मारला."

"म्हणून तुला. तुझ्यात मोडायला खोड नाही अजून."

पण खोड लागायला एकच बार पुरतो. पहिलाच बार मी मारला तो खरा होता. दुसऱ्यापासून माझं अंग बंदुकीच्या आधी उडायला लागलं.

त्या मला रोज सकाळी बंगल्याच्या मागच्या उतारावर न्यायच्या. उताराला एक डालडाचा डबा उभा करायच्या. मॅग्नमचे बार थोडेच, दोन किंवा तीन. बाकी सगळा वेळ छर्‍याची हलकी बंदूक. ती मारून मारून मी डब्याची चाळणी केली, हात जरासुद्धा हलला नाही. मॅग्नम हातात आली की तोच हात, तोच डबा, आणि गोळी कुठंतरी रताळ्याच्या वाफ्यात.

"खांद्याला लाव. हाडाला नको, आतल्या खळग्यात. घट्ट धर, सैल धरलीस तर मुसळासारखी येते."

"धरलीय."

"पुढं वाक. बंदूक ढकलणार हे ठाऊक आहे ना? मग तू आधीच मागं कललास तर ती तुला पाडणारच. गाल चिकटव. अंगठा वर नको, बाजूला. आमच्या भाच्याचं नाक आठव."

मला हसू आलं. त्याच वेळी त्या म्हणाल्या, "चाप दाब. ओढू नको, लिंबू पिळतोस तसा दाब."

टक्. नळी परत खाली.

"आईसाहेब, मला लाथेचं काही न्हाई. भ्या बी न्हाई. नुसती सवय व्हायला पायजे."

"असं?" त्यांनी पदराखालनं कापसाचे दोन बोळे काढले, मेणात बुडवलेले, आणि माझ्या कानात कोंबले. मग खऱ्या काडतुसाचा बार झाला. खांदा दुखला, पण बराच कमी. मला नवल वाटलं. खांदा तोच, काडतूस तेच.

"अर्धी लाथ कानात असते," त्या ओरडून म्हणाल्या, कारण मला ऐकू येत नव्हतं. "आता उरलेली अर्धी."

उरलेली अर्धी जाईना. दस्त्याखाली त्यांनी रजईचा तुकडा शिवून दिला. वाळूची पिशवी मधे धरायला लावली. एकदा मी चिडून जांभळीच्या बुंध्याला पाठ टेकून बसलो आणि म्हणालो, "असं बसतो, म्हंजे मागं जायचा प्रश्नच न्हाई."

आईसाहेबांनी येऊन माझ्या हातातली बंदूक काढूनच घेतली. मग मला त्यांच्या उजव्या खांद्याकडं बघायला सांगितलं. पदराखालनं तो जरा पुढं आलेला, वाकडा. तो तसा का आहे हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. जहागीरदार मारायचे, असं लोक कुजबुजायचे.

"झाडाला पाठ लावून बसले होते मी," त्या म्हणाल्या. "सरकारांनीच बसवलं होतं. मचाणावर मागं पोती भरून टेकण केलं होतं, बायकोला त्रास नको म्हणून. माणूस मागं जातो तेव्हा धक्का जिरतो रे. मागं जायला जागाच नसली तर तो हाडात जातो. गळ्याचं हाड मोडलं. हात आता खांद्याच्या वर जात नाही. नाहीतर तुझ्या पाया पडले असते का मी?"

"पाया कुठं पडलासा? शिव्याच देतासा."

"आमच्याकडं त्यालाच पाया पडणं म्हणतात."

मग त्या जांभळीखाली बसल्या आणि मला बसायला सांगितलं. मी बसलो. थोड्या अंतरावर.

"ऐक. त्या दिवशी गवा पडला. सगळ्यांनी जयजयकार केला, आईसाहेबांनी पाडला. त्याआधीही माझ्या नावावर पुष्कळ जनावरं पडली होती. दिवाणखान्यात शिंगं बघितलीस ना? हाड मोडून पडले होते तेव्हा विचार करायला वेळ होता. आणि मला आठवेना, की बार केल्यानंतर एकही जनावर पडताना मी पाहिलंय. एकही नाही. आवाज व्हायचा, मी डोळे उघडायचे, ते पडलेलं असायचं."

"म्हंजे?"

"म्हणजे मी दर वेळी डोळे मिटत होते. माझ्या बाराबरोबर मागनं सरकार बार करायचे. नाहीतर त्यांचा शिकारी करायचा. आमच्या घरात जनावराच्या अंगावरची भोकं मोजायची रीत नव्हती. मान ज्याला द्यायचा त्यानं पाडलं असं म्हणायचं. सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून. इंद्रजितलाही असंच वाढवलंय. त्यालाही वाटतं की तो मारतो."

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. माझ्या बापानं, आज्यानं तो जयजयकार केला होता. कदाचित भोकंही बघितली होती. मी म्हणालो, "तुम्हाला राग न्हाई आला?"

"आला म्हणून तर ही फुसकी काडतुसं केली," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी केली होती. खांदा बरा होईल असं वाटलं होतं तेव्हा. चल, ऊठ. तुझ्यामागनं बार करायला कोणी असणार नाही."

त्यानंतर मी जरा सुधारलो. पण एक गोष्ट काही सुटेना. सकाळचा पहिला दाब कायम बिघडायचा. पहिलं काडतूस फुसकं असो की खरं, माझं अंग उडायचंच. मग दुसऱ्याला ठीक. तिसऱ्याला चांगलंच.

"गवा तुला दुसरा दाब देणार आहे का?" आईसाहेब म्हणायच्या. "पोटात एक आहेच त्याच्या. तू अजून एक कुठंतरी घातलीस तर तो पहिलं जे दिसेल ते चिरडील."

पहिलं जे दिसेल ते. दोघांनाही ठाऊक होतं ते काय असणार.

एका सकाळी तुळसा, माझ्या चुलतभावाची बायको, धावत बंगल्यावर आली. गवत कापायला ती कड्याच्या कडेनं गेली होती.

"भावजी, त्यो गवा मामंजींच्या खोपीफुडं बसलाय! कालच्या सांजेपासनं हाय म्हणं, पलीकडच्या वाडीतल्या पोरींनी बघितलंय."

"आबा?"

"धूर निघतोय खोपीतनं. हायेत. पर भायेर येता येत न्हाई. दाराफुडंच हाय की त्यो."

आईसाहेबांनी पायांत बूट घातले, नवऱ्याचे, आणि पदर कमरेला खोचला. जीप जाईल तिथपर्यंत नेली. पुढं आम्ही चाललो. वारा आमच्या तोंडावर होता, ते बरं. वाटेत त्या एकदाही काही शिकवायला लागल्या नाहीत. मी त्यांना म्हणालो, "काहीतरी बोला." त्या म्हणाल्या, "बूट चावतोय."

सड्याच्या कडेला काळे कातळ आहेत. त्यांच्या आडनं मी डोकं वर काढलं. दगड भिरकावला तर पोचेल इतक्या जवळ गवा उभा होता, आमच्याकडं कूस करून. पायांना पांढरे मोजे घातल्यासारखे, पाठीचा उंचवटा माझ्या डोक्याच्या वर जाईल एवढा. पोट एका बाजूनं फुगलेलं आणि त्याच्यावर माश्या. वाऱ्याबरोबर सडक्या जखमेचा वास येत होता. त्याच्यामागं, अगदी मागं, माझ्या बापाची खोप. कुडाची. त्यानं नुसतं अंग टेकवलं असतं तरी बसली असती.

आईसाहेबांनी घोंगड्याची घडी कातळावर ठेवली. बंदूक उघड्या दगडावर ठेवली तर उसळते. मग त्या माझ्याकडं पाठ करून वळल्या. बोल्टचा आवाज झाला, अगदी हळू. त्यांनी रायफल माझ्या हातात दिली आणि तोंड माझ्या कानाशी आणलं. कापसाचे बोळे घालायच्या आधी.

"वरचं फुसकं आहे," त्या कुजबुजल्या. "खाली दोन खरी."

"गवा फुडं आणि फुसकं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तुझा पहिला दाब वाईट असतो. तो वाया घालवून टाक. टक् झालेलं त्याला ऐकू जायचं नाही, वारा इकडं आहे. खांद्याच्या मागं, खाली, जिथं पुढचा पाय अंगाला मिळतो तिथं नळीवरची माशी धर. लिंबू पिळ. डोळे उघडे ठेव आणि नळी हलते का बघ. मग बोल्ट ओढ आणि खरं मार."

मला पटलं. इतकं पटलं की अंगातलं काहीतरी सैल झालं. एक दाब फुकटचा. त्यात काहीच होणार नव्हतं. त्यांनी बोळे माझ्या कानात घातले आणि जग बंद झालं. मी गुडघे टेकले, पुढं वाकलो, गाल लाकडाला लावला. नळीच्या टोकाची माशी गव्याच्या काळ्या अंगावर दिसेना, मग दिसली. त्याचा कान हलला. एक माशी, खरी, त्याच्या डोळ्यावर बसली होती आणि तो पापणी मिटत होता. मला एवढंसुद्धा दिसत होतं. नळी हलते का, मी बघत होतो. हलत नव्हती. मी म्हटलं, हे बघा आईसाहेब, आज पहिलाच बरोबर येतोय, आणि पिळत गेलो.

गव्याचे पुढचे पाय दुमडले.

मी शपथेवर सांगतो, मला आवाज आला नाही. खांद्याला काही लागलं नाही. मला वाटलं, कोणीतरी दुसऱ्यानं बार टाकला, आणि मी मागं वळून बघितलं की कोण आलंय. कोणी नव्हतं. आईसाहेबांचं तोंड हलत होतं, "बोल्ट! बोल्ट!"

हातानं आपणहून बोल्ट ओढला. रिकामं काडतूस बाहेर पडलं आणि त्यातनं धूर निघत होता.

गवा कुशीवर पडला होता, पाय झाडत होता. मी दुसरं काडतूस चढवलं. आता मला पक्कं ठाऊक होतं की हे खरं आहे. मी डोळे मिटले, खांदा उडवला, मॅग्नमनं मला अशी लाथ घातली की मी घोंगड्यासकट मागं पडलो, आणि गोळी गव्याच्या पुष्कळ अलीकडं जांभ्या दगडावर आपटून धुरळा उडाला. पण गव्याला त्याची गरज नव्हती. त्याचे पाय थांबले होते.

मी कानातले बोळे उपटून फेकले.

"तुम्ही खोटं बोललासा!"

"बोलले."

"माझा बाप हाय तिथं! गवा हाय फुडं! आणि फुसकं म्हणून खरं दिलासा? माझा हात चुकला असता म्हंजे? नुसतंच दाबलं असतं, न धरता, म्हंजे?"

"खरं म्हणून दिलं असतं तर काय झालं असतं, ते दगडावर दिसतंय," त्या म्हणाल्या.

"बाई, तुझ्या आयला तुझ्या!" मी म्हणालो. जहागीरदारीणबाईंना, तोंडावर. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही. त्या कातळाला टेकल्या आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मलाही हसू यायला लागलं. एवढा मोठा गडी, कातळावर फतकल मारून, गाईच्या वासरासारखा थरथरत. मला लघवीला लागली होती आणि उठून दूर जायची ताकद नव्हती, ते मी त्यांना सांगितलंही. त्यांनी तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "मी बघत नाही. आणि कोणाला सांगत नाही. माझंही एकदा झालंय."

खोपीतनं आवाज आला. "कोन हाय रं तिकडं?"

"आबा, मी! सात्तापा!"

"मेलं काय ते?"

"मेलं."

"नीट बघ! मेल्यागत करतंय ते! सकाळी बी असंच केलंतं!"

"आबा, मेलंय! भायेर ये!"

"तू आधी त्याला दगूड मारून बघ!"

मी दगड मारला. मग आईसाहेबांनीही मारला. गवा हलला नाही, तेव्हा खोपीचं झापड सरकलं आणि माझा बाप बाहेर आला. हातात पातेल्याचं झाकण. गव्याला लांबनं वळसा घालून तो आमच्याकडं आला. तोंड राखेनं माखलेलं. आईसाहेबांना बघून त्यानं वाकून रामराम केला, झाकण हातातच.

"आबा, बरा हाईस न्हवं?"

"बरा कुठला? रातभर चुलीमागं बसून झाकण बडवत हुतो. थांबलो की त्ये जवळ याचं. मडक्यात मुतलो, ल्येका, या वयात."

"दोनदा आलो तर खाली यायला न्हाई म्हणालास."

त्यानं झाकण दगडावर ठेवलं. मग खाली बसला, माझ्या शेजारी.

"मग काय म्हणायचं? बापानं पोराला म्हणायचं काय, मला घिऊन चल, मला भ्या वाटतंय म्हणून?" तो म्हणाला. "तू पयल्यांदा आलास तवाच म्हणणार हुतो. भाकरी वाढली आणि म्हटलं, आता म्हणतो. न्हाई म्हणवलं."

मला माझ्या बापाचा हात कधी धरलेला आठवत नाही. तेव्हाही धरला नाही. पण आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून बसलो होतो आणि दोघंही थरथरत होतो, कोणाचं कोणाला लागत होतं ते कळत नव्हतं.

"मला बी वाटत हुतं," मी म्हणालो. "ह्या बंदुकीचं. रोज. अजून वाटतंय."

"दिसलं मला कुडातनं," आबा म्हणाला. "दुसऱ्या बाराला उलटा पडलास."

आईसाहेब परत हसायला लागल्या.

"चल घरला," मी म्हणालो.

"नाचणी?"

"नाचणी उद्या. आख्खा गाव येईल आता कापायला."

"चल तर," तो म्हणाला आणि खोपीकडं वळूनसुद्धा न बघता उतरायला लागला.

जीपपाशी आल्यावर मी स्टिअरिंगवर बसलो. किल्ली भोकात जाईना. तीनदा प्रयत्न केला. आईसाहेबांनी मला बाजूला केलं आणि स्वतः बसल्या. त्यांना जीप येत होती, पण वाकड्या खांद्यामुळं स्टिअरिंग फिरवताना अख्खं अंग वळवायला लागायचं. मी आणि आबा मागं बसलो, जिथं साहेबलोक बसायचे. आमच्या घराण्यातली माणसं त्या सीटवर पहिल्यांदा.

पहिल्याच वळणावर गिअर कर्रकन वाजला आणि जीप दरीच्या बाजूला झुकली. आबानं माझी मांडी पकडली.

"आईसाहेब, क्लच! क्लच दाबा! हळू!"

"भीती वाटते?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

"वाटते!" मी बोंबललो.

"मला बी!" आबा म्हणाला.

"मग धरून बसा," त्या म्हणाल्या, आणि जीप तशीच, गिअर खात, खाली गावाकडं निघाली.